चौऱ्याहत्तर आणि सत्त्याहत्तर

राजमती उपाध्ये यांनी निघताना लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि लगेच हात मागे घेतले.

“लसूण खाल्लास?” त्यांनी विचारलं.

त्रिशलाला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ती नाही म्हणाली, पण आईनं पिशवी उचलली होती. जयसिंगपूरची बस घराच्या कोपऱ्यावरच थांबते. राजमती त्या बसमध्ये बसल्या आणि नंतर कितीतरी महिने सांगलीला आल्या नाहीत. त्रिशलानं फोन केला तर बरं आहे, ठीक आहे एवढं म्हणून ठेवून द्यायच्या.

दुसऱ्या कुठल्या घरात एवढ्या गोष्टीवरून अबोला धरला नसता. पण उपाध्ये जैन, आणि त्रिशलानं जातीबाहेर लग्न केलं होतं. रणजित खराडे मटण-मासे खाणाऱ्या घरातला. राजमतींनी तेव्हा आकांडतांडव केलं नाही. लेकीला जवळ बसवून त्या म्हणाल्या होत्या, तुझा संसार तू कर, फक्त कांदा-लसूण तोंडाला लावणार नाही एवढा शब्द मला दे. त्रिशलानं शब्द दिला आणि पाळलाही. रणजितनं काही न बोलता घरात लसूण आणणंच बंद केलं. कधी खावंसं वाटलं तर तो कारखान्याच्या कँटीनमध्ये खायचा. आणि आता आईच्या नाकाला लसणाचा वास आला होता. तो खरंच येत होता, हे त्रिशलालाही माहीत होतं. ती दिवसातून तीनदा दात घासायची, वेलदोडा चघळायची, तरी वास जात नव्हता.

ही गोष्ट दोन हजार सेहेचाळीस सालची. कृष्णाकाठची बरीच जमीन तोवर क्षारपड झाली होती. या भागातला गहू आता मनोऱ्यांत पिकत होता. मातीचा संबंध नाही. एकावर एक रचलेले ट्रे, वर दिवे, खाली वाहतं पाणी, आणि रोपाला लागतात ते सगळे क्षार त्या पाण्यात मोजून मिसळलेले. गहू स्वच्छ, स्वस्त, बारमाही. लोक खूश होते.

चूक कोणाच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. पाण्यात रोपाला लागतं ते सगळं होतं, पण सेलेनियम नावाचं एक मूलद्रव्य रोपाला लागतच नाही. जुन्या शेतातला गहू ते मातीतून आपसूक उचलायचा आणि आपल्या पोटात आणून द्यायचा. माणसाला ते लागतं अगदी किंचित, चिमटीच्याही हजाराव्या हिश्शाहून कमी. पण लागतं ते रोज. हृदयाचे स्नायू रात्रंदिवस राबतात, त्यात त्यांची झीज होते, आणि ती झीज थोपवणारी काही प्रथिनं सेलेनियमशिवाय तयार होत नाहीत. मासे, अंडी खाणाऱ्यांचं त्यातून भागलं. मनोऱ्यातल्या गव्हावरच जगणाऱ्यांची हृदयं मात्र हळूहळू सैल पडायला लागली. मग सरकारनं नियम केला, पिठात सेलेनियम घालायचं.

ते दोन रूपांत मिळायचं. एक यीस्टमधलं. यीस्टला सेलेनियम खाऊ घालून वाढवायचं, मग वाळवून पूड करायची. त्यातलं सेलेनियम एका अन्नघटकात गुंफलेलं असतं, त्याला सेलेनोमेथिओनीन म्हणतात. शरीर ते पटकन उचलतं, साठवूनही ठेवतं. दुसरं रूप साध्या खनिज मिठाचं, सेलेनाइटचं. ते थेंबांच्या बाटलीत यायचं. जाहिराती सगळ्या यीस्टच्या होत्या. ते नैसर्गिक, ते सौम्य. खनिजाला लोक गुरांचं औषध म्हणायचे, कारण पूर्वी पशुखाद्यात तेच घालत. ज्यांना यीस्ट चालत नाही त्यांना आरोग्य केंद्रात हे थेंब फुकट मिळायचे. राजमती ते घेत. यीस्ट हा जीव आहे, तो आपल्या पोटासाठी वाढवायचा आणि मारायचा हे त्यांच्या व्रतात बसत नव्हतं. साधं पीठ आणून त्या कणकेत थेंब टाकायच्या.

रणजित कुपवाडच्या एका कारखान्यात यीस्टच्या टाक्या सांभाळायचा. आपल्या कामाचा त्याला अभिमान होता, आणि तो असायला हवाच होता. त्याच्या टाक्यांतल्या पुडीनं जिल्ह्यातल्या हजारो लोकांची हृदयं पुन्हा नीट चालायला लागली होती.

त्याच्या स्वतःच्या घरातही तेच पीठ येत होतं, आणि तिथलं मात्र बिघडत चाललं होतं.

त्रिशला मुलींच्या खो-खो संघाची प्रशिक्षक. वयाच्या चाळिशीतही ती मुलींबरोबर पळायची, खांबाला वळसा घालून दाखवायची. त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा मैदानावर मध्येच बसली. मग रोज बसायला लागली. पावलांवर सूज यायची, पाठ टेकली की श्वास अडकायचा. तपासणीत निघालं की हृदयाचं पंपिंग निम्म्याहून कमी झालंय. डॉक्टर म्हणाले, मनोऱ्याच्या गव्हाचा आजार दिसतो, सेलेनियम वाढवा. रणजितनं कारखान्यातून ताज्या गोळ्या आणल्या आणि दुप्पट द्यायला सुरुवात केली. रोज सकाळी स्वतःच्या हातानं तिला द्यायचा.

आणि तिचे केस गळायला लागले. नखं ठिसूळ झाली, त्यांच्यावर पांढरे पट्टे उमटले. श्वासाला तो वास यायला लागला. आईला काळजी नको म्हणून त्रिशलानं तिला आजाराचं काही सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि ते चमकलेच. सेलेनियम कमी कसलं, भरमसाट होतं. ही विषबाधेची लक्षणं आहेत, एक कणही देऊ नका. गोळ्या बंद झाल्या. केस गळायचे थांबले, वास कमी झाला, पण हृदय आणखी खालावलं. पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलं. एकच बाई, आणि तिच्या अंगात एकाच वस्तूचा अतिरेकही आणि दुष्काळही. कोणाला काही उलगडेना. हृदय बदलायची भाषा सुरू झाली.

त्या दिवसांत त्रिशला रणजितला एकदाच म्हणाली की तिला मरायची भीती वाटत नाही, आईचा गैरसमज तसाच राहील याची वाटते.

मिरजेच्या एका रुग्णालयात डॉ. तस्नीम मुजावर होत्या. त्यांच्याकडे एक नवं यंत्र आलं होतं. शिलाई मशीनएवढं, दिसायला साधं. त्याचं काम एकच, अणूंचं वजन करणं. पूर्वी या कामाला खोलीभर यंत्र लागायचं. रुग्णालयातले लोक त्याला मागोवा म्हणत.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून कागदावर काढून दाखवलं. सेलेनियमचे सगळे अणू एका वजनाचे नसतात. गुण तेच, वजन थोडं कमीजास्त. काही चौऱ्याहत्तर वजनाचे, काही सत्त्याहत्तर, काही आणखी जड. त्यांच्यात किरणोत्सर्ग वगैरे काही नाही, आपल्या जेवणात ते मिसळलेलेच असतात. आता खनिजाच्या रूपात फक्त चौऱ्याहत्तरचे अणू भरायचे आणि यीस्टच्या रूपात फक्त सत्त्याहत्तरचे. दोन्ही एका घोटात पाजायचे. मग पुढचे काही दिवस श्वास, घाम, रक्ताचे थेंब तपासत राहायचं. जिथं चौऱ्याहत्तर सापडेल तिथं खनिज पोचलं, जिथं सत्त्याहत्तर सापडेल तिथं यीस्टवालं पोचलं. दोन रंगांचे दोरे सोडून कुठला कुठं निघतो ते बघण्यासारखं.

त्रिशलानं तो घोट घेतला.

डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी कोडं सुटल्याचा आनंद होता. त्यांनी सांगितलं ते असं. यीस्टमधलं सेलेनियम ज्या अन्नघटकात गुंफलेलं असतं, त्याच्यात आणि प्रथिनांची वीट असलेल्या साध्या मेथिओनीनमध्ये शरीराला फरक कळत नाही. साध्या विटांबरोबर ते त्याही विटा स्नायूंत, केसांत, नखांत बसवत जातं. बहुतेकांच्या यकृतात एक विकर असतं, ते गरजेप्रमाणे त्या विटा फोडून आतलं सेलेनियम मोकळं करतं. जनुकातल्या एका बदलामुळे त्रिशलाचं ते विकर जन्मापासून मंद होतं. माल येत होता, कोठारात भरत होता, कोठाराचं दार मात्र उघडत नव्हतं. म्हणून रक्तात सेलेनियम उदंड आणि हृदय उपाशी. फार भरलं की थोडं मागच्या वाटेनं वायू होऊन श्वासावाटे बाहेर पडायचं.

“त्या वायूला लसणाचा वास असतो,” डॉक्टर म्हणाल्या.

त्रिशला ते ऐकून रडली. डॉक्टरांना वाटलं आजारामुळे. रणजितनं त्यांना बाजूला नेऊन खरं कारण सांगितलं.

“आणि खनिज?” परत येऊन रणजितनं विचारलं.

खनिजाला त्या दारातून जावं लागत नाही. ते सरळ कामाला लागतं, उरलेलं लघवीवाटे निघून जातं. त्रिशलाच्या अंगात चौऱ्याहत्तरचे थोडे अणू हृदयाला लागणाऱ्या प्रथिनांपर्यंत पोचल्याचं दिसलंही होतं. पण अडचण होती. खनिज जास्त झालं तर चटकन विषारी ठरतं, आणि हिच्या अंगात आधीच इतका साठा. एका घोटावरून महिनोन् महिन्यांचं औषध ठरवता येत नाही, असं रुग्णालयाच्या समितीचं म्हणणं होतं. अशी जडणघडण असलेलं आणि वर्षानुवर्षं खनिजावर राहिलेलं कोणी माणूस दाखवता आलं, तरच परवानगी मिळणार होती.

रणजित आणि त्रिशलानं एकमेकांकडे पाहिलं. दोघांना एकच नाव सुचलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या की आईच्या जनुकांत तोच बदल असेलही, पण तेवढ्यानं भागणार नाही. तो बदल दार अडवतो की नाही, हे माग काढल्याशिवाय कळणार नाही. आईंनाही हा घोट घ्यावा लागेल, दोन्ही रूपांचा.

“सत्त्याहत्तरवालं कशापासून बनवतात?” रणजितनं विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

ते यीस्टमध्येच बनत होतं. यीस्टशिवाय, नुसत्या रसायनांतून बनवलेलं परदेशातून मागवता आलं असतं, पण यायला पाच-सहा महिने लागले असते. त्रिशलाच्या हृदयाजवळ तेवढा वेळ नव्हता.

त्रिशलानं आईला विचारायला साफ नकार दिला. आयुष्यभर पाळलेलं व्रत तिनं माझ्यासाठी मोडावं असं मी तोंडानं म्हणणार नाही, ती म्हणाली, आणि तूही म्हणू नकोस.

रणजितनं तिचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तो एकटाच जयसिंगपूरला गेला.

राजमती नुकत्याच जेवून उठल्या होत्या. त्या दिवस मावळायच्या आत जेवत. त्यांनी जावयाला घराच्या पुढच्या सोप्यात बसवलं, पाणी दिलं आणि समोर उभ्या राहिल्या. तेरा वर्षांत तो या घरी एकटा कधी आला नव्हता.

“आई, तिच्या तोंडाला वास येत होता तो लसणाचा नव्हता,” रणजितनं तिथूनच सुरुवात केली. “मी तिला गोळ्या देत होतो, त्यांचा होता. डॉक्टरांनी यंत्रावर बघितलंय. तिनं तुम्हाला दिलेला शब्द कधीच मोडला नाही.”

राजमती भिंतीला टेकून खाली बसल्या.

“मी तिला किती दिवस तशीच ठेवली,” त्या म्हणाल्या.

मग रणजितनं आजार सांगितला, पंपिंगचा आकडा सांगितला, मागोवा म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगितलं. घोटाबद्दल सांगायची वेळ आली तेव्हा तो थांबला. यीस्टचं नाव न घेताही सांगता आलं असतं. क्षारांचं पाणी आहे एवढं म्हटलं असतं तर ते अर्धं खरंच होतं, आणि त्यांनी डोळे मिटून प्यायलं असतं. येताना गाडीत त्यानं ते वाक्य मनात तयारही केलं होतं.

“त्यात काय काय असतंय?” राजमतींनी विचारलं.

“दोन गोष्टी. एक मीठ, तुमच्या थेंबांसारखं. दुसरं यीस्टमधून काढलेलं. यीस्ट वाढवतात, मारतात आणि त्यातून काढतात. माझं रोजचं काम तेच आहे, आई. तुमच्यापासून लपवता येणार नाही.”

राजमतींनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. अंधार व्हायच्या आत निघा, रस्ता उखडलाय, एवढंच म्हणाल्या. रणजितनं घरी येऊन त्रिशलाला काही सांगितलं नाही. त्याला तो नकारच वाटला होता.

सकाळी त्रिशलाला रुग्णालयात दाखल करायचं होतं. ते पोचले तेव्हा राजमती डॉ. तस्नीम यांच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या होत्या. पहिल्या बसनं आल्या होत्या. लेक चाकाच्या खुर्चीतून येताना दिसली तशा त्या उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. या वेळी हात सोडले नाहीत.

डॉक्टरांना त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले. हे किती वेळा घ्यावं लागेल? एकदाच. यानं हिचा जीव नक्की वाचेल काय? डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, की नक्की नाही, पण यावाचून दुसरा रस्ता त्यांना दिसत नाही.

“द्या,” राजमती म्हणाल्या.

त्रिशलानं त्यांचा पदर धरला. “आई, तुझं व्रत.”

“व्रत माझं आहे. त्याचं काय करायचं ते मी बघीन. तू गप बसून राहा.”

पेला हातात घेऊन त्या खिडकीकडे, उजेडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्र म्हटला आणि एका दमात ते पाणी पिऊन टाकलं. मग पेला टेबलावर ठेवला. डॉ. तस्नीम यांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि क्षणभर धरून ठेवला.

त्या दिवसापासून राजमतींनी उपवास धरले. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनींकडे जाऊन स्वतःच सगळं सांगितलं आणि त्यांनी दिलेलं प्रायश्चित्त घेतलं. ते त्यांना जड गेलं नाही. जड गेली ती त्यांची धाकटी बहीण सुमती. कुरुंदवाडच्या या बहिणीनं फोन करून विचारलं की जातीबाहेर गेलेल्या पोरीसाठी तू हे केलंस काय. राजमती म्हणाल्या, पोरीसाठी केलं. त्यानंतर दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं.

मागोव्याचा निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी दोघींचे आलेख एकावर एक ठेवले. ते जवळजवळ एकच दिसत होते. राजमतींच्या अंगातलं सत्त्याहत्तरही तसंच कोठारात जाऊन बसलं होतं. दार त्यांचंही बंद होतं. पण चौऱ्याहत्तर थेट कामाच्या जागी पोचलं होतं, थेंबांतलं खनिज वर्षानुवर्षं तसंच पोचत आलं होतं, आणि अडुसष्टाव्या वर्षी त्यांचं हृदय तरुण बाईसारखं चालत होतं.

“तुमच्या दोघींची कुलपं एकाच लोहारानं केलेली आहेत,” डॉ. तस्नीम म्हणाल्या. “तुम्ही सगळ्यांसारखं यीस्टचं पीठ खाल्लं असतं, तर तुमचं हृदय हिच्याआधी थकलं असतं.”

राजमती त्या आलेखाकडे बघत राहिल्या. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण दोन रेघा जोडीनं चालल्या आहेत एवढं दिसत होतं.

“मी त्या जिवांसाठी सोडलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यांनी मलाच सांभाळलं म्हणायचं.”

समितीनं परवानगी दिली. त्रिशलाचे थेंब सुरू झाले, सुरुवातीला इतके पातळ की रणजितला ते पाणीच वाटायचं. लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायचे नाहीत, अशी सूचना होती. लिंबातलं क जीवनसत्त्व खनिजाची अशी पूड करून टाकतं की ती पोटाला उपयोगी पडत नाही. रोज उठून लिंबूपाणी प्यायची सवय तिनं सोडली. रणजितनं घरातल्या गोळ्या परत नेल्या. त्याला आतून फार लागलं होतं, आपल्या हातानं आपण तिला हे देत होतो म्हणून. डॉ. तस्नीम त्याला म्हणाल्या की तुमच्या पुडीत खोट नाही. शंभरातल्या नव्याण्णवांना ती उपयोगीच पडते. काहींना तर खनिजापेक्षा बरी, कारण तिचा साठा होतो आणि उपासमारीत तो कामी येतो. चूक एवढीच झाली, की कोणत्या माणसाला कोणतं हे न विचारता आपण सगळ्यांना एकच दिलं. रणजितनं ते वाक्य कारखान्याच्या बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. मालकांना आवडलं नाही. पण वर्षभरानं पाकिटावर मजकूर आला, की शक्य असल्यास आधी मागोवा करून घ्यावा.

हृदय लगेच सुधारलं नाही. पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसेना आणि त्रिशला धीर सोडायच्या बेताला आली. राजमती सांगलीत राहायला आल्या होत्या. त्या तिच्याशी आजाराबद्दल बोलायच्या नाहीत. संघातल्या मुलींची नावं विचारायच्या, कोण पळायला चपळ, कोण हुलकावणी देण्यात पटाईत, आणि ते सगळं ध्यानात ठेवायच्या. मग सूज उतरली. मग एका रात्री ती सपाट उशीवर झोपली आणि सकाळपर्यंत उठली नाही. पंपिंग एकतीस झालं, नंतर अडतीस. वर्ष संपता संपता पंचेचाळीसवर आलं. डॉक्टरांनी सांगितलं की पूर्वीइतकं कदाचित कधी होणार नाही, पण दुसऱ्याचं हृदय बसवायची गरज आता उरली नाही.

त्रिशला पुन्हा मैदानावर गेली त्या दिवशी ती पळाली नाही. चालत एक फेरी मारली. माती ओली होती, मुली आपापसांत भांडत होत्या, कोणीतरी शिट्टी हरवली होती. ती चालता चालता एकेकाला मनात आठवत गेली. मिरजेच्या डॉक्टर, ज्यांनी दोन परस्परविरुद्ध खुणा पाहून हात टेकले नाहीत. रणजित, ज्यानं घरातला लसूण बंद केला आणि कधी बोलूनही दाखवलं नाही. जुन्या मातीतल्या त्या कणाबद्दलही तिला कृतज्ञता वाटली, जो पिढ्यान् पिढ्या कोणाला नकळत भाकरीतून पोटात येत होता. आईपाशी मात्र तिचं मन थांबलं. तिथं आभार हा शब्दच तिला लहान वाटला. ती फेरी पुरी करून खांबाला टेकून उभी राहिली आणि मुलींनी तिला आपलं भांडण सोडवायला लावलं.

बाहेरचं जगही बदलत होतं. मागोव्याची यंत्रं तालुक्यातालुक्यांत आली. माणसाला कुठलं औषध, कुठलं जीवनसत्त्व, कुठल्या रूपात लागू पडतं हे जाहिरात पाहून ठरवायचे दिवस सरत आले. काही लोकांनी त्यातही वेडेपणा केला. लग्नाच्या माहितीपत्रकात मुलगी खनिजवाली की यीस्टवाली हे लिहायला लागले. डॉ. तस्नीम अशा लोकांवर संतापायच्या. त्रिशलाला नुसतं हसू यायचं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी जैन घरांतली माणसं एकमेकांकडे जातात, वर्षभरात जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागतात. राजमती पर्वासाठी जयसिंगपूरला गेल्या होत्या. दुपारी त्या सांगलीला आल्या. रणजितनं दार उघडलं. आत यायच्या आधीच त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याच्यापुढे हात जोडले.

“रणजितराव, इतकी वर्षं मी तुम्हाला जावई म्हटलं, पण घरातलं मानलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी तुम्ही सोप्यात बसून खोटं बोलला असता तरी मला कळलं नसतं. तुम्ही बोलला नाहीत. माझं जे चुकलं त्याची मला क्षमा करा.”

रणजितला काय म्हणायचं असतं ते माहीत नव्हतं. त्यानं पुढे होऊन त्यांचे जोडलेले हात धरले आणि मीच तुमचा ऋणी आहे असं काहीतरी तो पुटपुटला. आतून त्रिशला आली होती. आईनं तिच्याकडे वळून हात जोडायच्या आत तिनं आईला मिठी मारली.

राजमती आत येऊन बसल्या नाहीत. त्यांनी रणजितला विचारलं, ते यीस्टशिवाय बनवलेलं सत्त्याहत्तर आता मिरजेला आलंय ना? तो म्हणाला, मागच्या महिन्यातच आलं.

“मग गाडी काढा,” राजमती म्हणाल्या. “सुमतीची थोरली लेक पुण्याहून घरी आलीय. तिकडं मेसमध्ये जेवते, तेच पीठ खाते. परवा बस्तीच्या पायऱ्या चढताना मध्येच बसली म्हणे. सुमती माझ्याशी बोलत नाही, पण आज क्षमावाणी आहे. आज मला दारातून परत पाठवणार नाही. आधी तिची क्षमा मागते, मग पोरीला मिरजेला न्यायचं विचारते.”

त्रिशलानं दार ओढून घेतलं आणि ती मागच्या सीटवर बसली. राजमती पुढे, रणजितच्या शेजारी बसल्या. दिवस मावळायला अजून बराच अवकाश होता आणि कुरुंदवाडचा रस्ता मोकळा होता.